तीन महिन्यांची साखर आणि सिकलसेलचं कार्ड

बचत गटाच्या बैठकीत हल्ली शुगरचा विषय निघतोच. कुणाची सासू गोळ्या घेते, कुणाचा नवरा, कुणाची स्वतःचीच तपासणी नुकती झालेली असते. त्यात एक शब्द हमखास ऐकू येतो, ‘तीन महिन्यांची साखर’. लॅबच्या कागदावर तिला एचबीए१सी म्हणतात. उपाशीपोटी जायला नको, एकदा रक्त दिलं की झालं. तपासणी चांगलीच आहे. पण तिचा आकडा फक्त साखरेवर ठरत नाही. आईबापाकडून आपल्याला कसं रक्त मिळालं आहे, यावरही तो ठरतो. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या बायांनी तर हे समजून घ्यायलाच हवं.

आधी ही तपासणी काय मोजते ते पाहू. रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं. रक्तात साखर असते, ती हळूहळू या हिमोग्लोबिनला चिकटते. मुरंबा आठवा. कैरीच्या फोडी पाकात टाकल्या की दिवसांगणिक गोडी आत मुरते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणजे जवळपास चार महिने ती त्या पाकात असते. किती हिमोग्लोबिनला साखर चिकटली, ते मोजलं की मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. आकडा ५.७ च्या खाली असला तर ठीक, ६.५ किंवा वर गेला तर मधुमेह, आणि मधला असेल तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असा हिशेब डॉक्टर लावतात.

आता बघा, पाक तोच आहे, पण फोडी पंधरा दिवसांतच बाहेर काढल्या तर? त्या कमी गोड लागतील. म्हणून पाक कमी गोड होता असं आपण म्हणू का? रक्ताचंही तसंच आहे. ज्यांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांचा एचबीए१सी कमी येतो. साखर मात्र वाढलेली असू शकते.

पेशी किती दिवस जगणार आणि त्यात कुठल्या प्रकारचं हिमोग्लोबिन असणार, हे बरंचसं जन्मापासून ठरलेलं असतं. आपल्याकडे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव सिकलसेल. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया या आदिवासी समाजांत तो आहे, तसाच विदर्भातल्या दलित आणि काही इतर मागास समाजांतही आहे. आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचा गुण आला तर माणूस सिकलसेलचा रुग्ण होतो, कागदावर एसएस लिहितात. एकाकडूनच आला तर तो वाहक, म्हणजे एएस. वाहक आजारी नसतो, हे इथे ठासून सांगते. तो शेतात राबतो, संसार करतो, बहुतेकदा त्याला पत्ताही नसतो.

एचबीए१सी या नावातला ‘ए’ म्हणजे नेहमीचं, ए प्रकारचं हिमोग्लोबिन. एसएस रुग्णाच्या अंगात ते तयारच होत नाही, आणि त्याच्या पेशी १० ते २० दिवसांतच संपतात. त्यामुळे त्याच्यासाठी ही तपासणी जवळपास निरुपयोगी आहे. वाहकाच्या रक्तात ए आणि एस दोन्ही असतात. काही मशीन ते बरोबर ओळखतात, काहींचा गोंधळ होतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचा एक अभ्यास २०१७ साली छापून आला. साखर सारखीच असताना सिकलच्या वाहकांचा एचबीए१सी इतरांपेक्षा सुमारे ०.३ ने कमी भरला. आपल्याकडे नेमका तेवढाच फरक पडेल असं नाही. पण समजा खरा आकडा ६.६ आहे आणि कागदावर ६.३ आला. बाईला सांगतील, अजून मधुमेह नाही, सहा महिन्यांनी या. तोवर वाढलेली साखर डोळ्यांच्या पडद्यावर आणि किडनीवर आपलं काम करत राहते, आणि ते दुखत नाही.

यात एक अडचण आहे ती रक्ताची नाही, आपल्या घरांची आहे. मुलगी वाहक निघाली की घरचे कार्ड पेटीच्या तळाशी ठेवतात. लग्न मोडेल ही भीती. लग्न होतं, लेकरं होतात, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शुगर तपासायला गेली तरी ती बाई तोंडातून शब्द काढत नाही. समोरच्या डॉक्टरला कसं कळणार? लग्नाआधी दोघांची तपासणी व्हावी ती दोघेही वाहक तर नाहीत ना हे पाहायला, एकट्या मुलीला नावं ठेवायला नव्हे.

सिकलसेलशिवायही काही आहे. थॅलेसेमियाचा गुण असला तर आकडा इकडेतिकडे होऊ शकतो. जी६पीडी नावाच्या एका द्रव्याची जन्मजात कमतरता असते, ती पुरुषांत जास्त दिसते. अशा माणसाला हिवतापाची प्रायमाक्वीन गोळी दिल्यावर तांबड्या पेशी फुटून लघवी काळ्या चहासारखी होऊ शकते. घरात कुणाला असं झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, कारण या लोकांचाही एचबीए१सी खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो.

आणि आपल्या बायांचं नेहमीचं दुखणं, अंगात रक्त कमी. हे आनुवंशिक नव्हे, पण लोह कमी असलं की आकडा उलट वर सरकू शकतो. लोहाच्या गोळ्यांनी रक्त भरलं की तो खाली येतो, आणि आपल्याला वाटतं शुगर उतरली.

मग करायचं काय? हातातली गोळी मनाने बंद करू नका, एवढं पहिलं. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. एसएस किंवा एएस असाल तर केसपेपरवर तसं लिहून घ्या. साखरेसाठी सरळ रक्तातली साखरच मोजायला सांगा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, आणि पुन्हा तपासल्यावरही तसंच आलं, तर मधुमेह धरतात. या आकड्यांना तांबडी पेशी किती दिवस जगली याच्याशी देणंघेणं नाही. मोठ्या लॅबमध्ये फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी होते, ती मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते.

बोटावरच्या तपासणीत साखर सारखी २०० च्या वर येते आणि तीन महिन्यांची मात्र ६ च दिसते, असं झालं तर दोन्ही कागद एकत्र घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्त चढवून दोन-तीन महिने झाले नसतील तर तेही सांगा. त्या नळीत काही रक्त दुसऱ्याचं असतं, आणि त्याच्या साखरेवर तुमची गोळी ठरायला नको.