खिडकी का अडते?

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर ओसरला, तेव्हा सांगलीतल्या घरांत गाळ उरला. असा गाळ ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये बसला, की पल्ला अडतो. साताऱ्यात धूळ आणि पावसाळी वारा तेच करतात. दोष ॲल्युमिनियमचा नसतो. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर बसतो आणि तोच धातूला राखतो. मात्र लोखंडी स्क्रू नि ओल एकत्र आले, की जणू छोटी बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी पडते.

दुरुस्तीसाठी पल्ला काढताना हाताशी कुणाला तरी घ्या. पल्ला वर उचलून खालची कड आत ओढा. खालची झिजलेली चाकं बदला. ट्रॅकमधली पाणी जायची भोकं जुन्या टूथब्रशने मोकळी करा. तेल नको, धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे पुरे.