टोपली उचलेपर्यंत

कासवमित्राने टोपली उचलली. खाली कासवाचं पिल्लू नाही, नुसती वाळू. शेजारची उचलली, तीही रिकामी. "आत्ता नाहीत. संध्याकाळी बघू." आम्ही अकरा जण मुकाट्याने उतरलो होतो त्या घराकडे वळलो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासची ही माझी पहिली खेप, २००९ सालची. पडवीत गाद्या, मागे पोफळीची वाडी. "ती काय सांगून येतात होय?" घरच्या काकू म्हणाल्या, "राहा आजचा दिवस, आंबोळ्या घालते."

राहिलो. गावाची ओळख झाली ती त्या जास्तीच्या दिवशी.

२००२मध्ये चिपळूणच्या भाऊ काटदरे यांच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेची माणसं समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी इथे आली आणि त्यांना वाळूत कासवांच्या अंड्यांची टरफलं दिसली. अंडी चोरीला जात होती. उरली त्यांवर कुत्री-कोल्हे होतेच. संस्थेने गावातल्याच लोकांना हाताशी धरलं, तेच हे कासवमित्र. अंडी भरतीच्या रेषेच्या वर, कुंपणात नेऊन पुरायची, वर टोपली घालायची, पहारा ठेवायचा. २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला. हॉटेल बांधलं नाही, पाहुणे घरोघरी वाटून दिले. मला यातलं शहाणपण फार उशिरा कळलं. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी शंभराच्या वर अंडी घालून निघून जाते. पिल्लं साधारण ४५ ते ५५ दिवसांनी. नक्की तारीख कोण देणार? पाहुण्याला थांबावंच लागतं, आणि थांबायचं तर कुणाच्या तरी घरी.

दुसरी खेप २०१८ची, शनिवार. किनाऱ्यावर दोरी, दोरीमागे दोनेकशे माणसं, बापाच्या खांद्यावर पोरं. "पैसे भरलेत, पिल्लं कधी दाखवणार?" असं एकाने विचारलंच. चूक त्याची एकट्याची नव्हती. त्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. पण शनिवार-रविवारात बसवलेला प्रवास कासवाला मानवत नाही, गावालाही नाही.

मग २०२०. मार्चमध्ये ऐन हंगामात टाळेबंदी, ३ जूनला निसर्ग वादळ. माडापोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. पडवीतला पाहुणा हा तोवर वरखर्चाचा आधार. २०२२च्या जानेवारीत वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला, तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'. तेव्हापासून नकाशावरच्या तिच्या वाटेची चौकशी गावात घरच्या माणसासारखी व्हायची.

यंदा मुद्दाम मंगळवारी गेलो, चौघंच. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ टोपल्या उचलल्या, वाळू. शुक्रवारी दुपारी निघालो, वाटेत बाणकोटचा किल्ला पाहिला. वेसवीच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट पाहत होतो, तेवढ्यात काकूंचा फोन.

"निघालात नि बाहेर पडली की हो! पीठ भिजवलेलं आहे. येताय मागे?"

बोट अजून पलीकडच्या काठालाच होती.