इस्त्रीतला सहा मिलिमीटरचा दुवा

इस्त्री बंद पडली की खापर फुटतं कॉइलच्या डोक्यावर. पण परळ-लालबागचा जाणता कारागीर झाकण उघडून आधी वायरीच्या टोकाचा चपटा लग हलवून बघतो. घरगुती उपकरणांत हा लग बहुधा ६.३ मिलिमीटर रुंदीच्या पत्तीवर घट्ट सरकवलेला असतो. स्क्रू नाही, डाग नाही. धरून ठेवते ती फक्त त्याच्या दुमडलेल्या कडांची स्प्रिंग.

हीच पकड सैल झाली की घोटाळा सुरू होतो. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर प्रवाह घेते. सांध्यात ०.१ ओहम रोध आला, तर तिथे जवळपास २ वॅट उष्णता निर्माण होते. आकडा किरकोळ वाटतो, पण ती सगळी नखाएवढ्या जागेत कोंडते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, म्हणून २००० वॅटच्या गीझरमध्ये लग काळा पडून त्याचं आवरण वितळतं. लगचं तापलेलं पितळ स्प्रिंगचा ताण हरवतं, पकड आणखी सुटते, रोध आणखी वाढतो. गिरगावची खारी, दमट हवा सांधा गंजवून याला हातभारच लावते.

काहीजण तिथे डाग देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. कथिल-शिशाचं नेहमीचं मिश्रण १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि इस्त्रीचा तळ त्याहून तापू शकतो. त्यापेक्षा लग बदला. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात तो घेताना निकेलचा मुलामा असलेला पोलादी मागा, आणि तो पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंगच्या हत्याराने दाबून घ्या.