मुक्त स्रोत आणि संकेतस्थळाची शिस्त

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर कोणालाही वापरता, तपासता व सुधारता येते. मात्र संकेतस्थळावर माहितीच सापडली नाही, तर ही मुक्तता मूठभर जाणकारांपुरती उरते. म्हणून मांडणी आधी ठरवावी. मराठी विकिपीडिया (२००३), विक्शनरी व विकिस्रोत हे मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात. मुखपृष्ठ, अलीकडील बदल, साहाय्य हे दुवे तिन्हींत सारखेच. पानाचे नाव बदलले तरी सहसा जुना पत्ता नव्या पानाकडे नेतो. येथे आम्हांस संविधान आठवते. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षणहक्क '२१-अ' म्हणून आला. पुढील कलमांचे क्रमांक ढळले नाहीत. संकेतस्थळे उभारणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे: बीडमधील ऊसतोड कामगाराचे मूल प्रथमच संगणकासमोर बसेल, तेव्हा त्याला वाट विचारावी लागू नये.