बातमी देणाऱ्यांची मोट कोण बांधणार?

भोपाळ शहरात नेहरूनगरला लागून कोटरा सुल्तानाबाद नावाची वस्ती आहे. सीमाभागातील वाचकाला हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ज्या दिवशी आमचे बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, त्याच दिवशी, म्हणजे 1 नोव्हेंबर 1956 रोजी, भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले. जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर. विदर्भ मुंबई राज्यात आला आणि सचिवालयाची दप्तरे भोपाळला गेली. दप्तरांबरोबर कारकून गेले, अधिकारी गेले, आणि त्यांत मराठी माणसे पुष्कळ होती. राजधानी वाढत गेली, तशा कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्त्या शहराच्या पोटात आल्या.

आम्हांला सरकारने गावासकट दुसऱ्या राज्यात नेले, त्यांना नोकरीने नेले. फरक मोठा आहे. तरी एक प्रश्न दोघांचाही आहे. घरात मराठी आणि दारात पडणारा अंक दुसऱ्या भाषेचा, अशी वेळ आली की भाषेचे काय होते? भाषा मरत नाही, पण ती माजघरात जाऊन बसते. लग्नपत्रिका आणि आरती एवढ्यापुरती उरते. चार लोकांत उभे राहून गाऱ्हाणे मांडण्याची भाषा ती राहत नाही. ते काम वर्तमानपत्र करते. आणि वर्तमानपत्र म्हणजे नुसते छापखाने नव्हेत. गावोगावचे वार्ताहर म्हणजे वर्तमानपत्र. या वार्ताहरांचे पाठीराखे कोण, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

परमुलखातले मराठी संपादक

याच भोपाळमध्ये 1984 साली विजयदत्त श्रीधर यांनी जुन्या वर्तमानपत्रांचे एक संग्रहालय उभारले. त्याला नाव दिले आहे माधवराव सप्रे यांचे. सप्रे 1871 साली दमोह जिल्ह्यातील पथरिया गावी मराठी घरात जन्मले. 1900 साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, 1907 साली नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला आणि 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक पत्करली. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत नेले तेही त्यांनीच. काशीत बाबूराव विष्णु पराडकरांनी ‘आज’ हे दैनिक नावारूपाला आणले. तेथील पत्रकार संघ आजही पराडकर स्मृती भवनात नांदतो.

या दोघांचा आम्हांला अभिमान आहेच. पण अभिमानाबरोबर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हिंदीने या मराठी माणसांना आपले मानले, त्यांच्या नावे वास्तू उभ्या केल्या, त्यांचे अंक जपून ठेवले. आमच्या सीमाभागात पन्नास-साठ वर्षे मराठीत बातम्या देणाऱ्या माणसांची साधी यादी तरी आमच्याजवळ आहे काय?

नेपाळी भाषेचा धडा

काशीचे नाव निघाले म्हणून नेपाळी भाषेची हकिकत सांगतो. नेपाळात 1846 पासून 1951 पर्यंत राणा घराण्याची सत्ता होती. मोकळेपणी लिहिणे-छापणे कठीण. म्हणून नेपाळी विद्यार्थी आणि लेखक काशीत जमले. मोतीराम भट्ट यांनी 1886 साली ‘गोर्खा भारत जीवन’ हे मासिक काढले ते काशीतून. ते नेपाळीतले पहिले नियतकालिक मानले जाते. खुद्द काठमांडूत ‘गोरखापत्र’ निघाले ते 1901 साली. त्याच वर्षी दार्जिलिंगमध्ये पाद्री गंगाप्रसाद प्रधान यांनी ‘गोर्खे खबर कागत’ सुरू केले. थोडक्यात, नेपाळी वृत्तपत्रविद्या जन्मली परमुलखात आणि मायदेशी मागाहून पोहोचली.

भारतातल्या नेपाळी भाषकांपुढे आणखी एक अडचण होती. 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांचे लोक एकमेकांकडे येऊन राहू शकतात. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या दार्जिलिंगमध्ये राहिलेल्या माणसालाही ‘तुम्ही बाहेरचे’ असे ऐकून घ्यावे लागे. हे बोलणे आमच्या कानांना अनोळखी नाही. यावर त्यांनी काय केले? 1972 साली दार्जिलिंगला अखिल भारतीय नेपाळी भाषा समिती स्थापन केली. 1975 साली साहित्य अकादमीची मान्यता मिळाली. पुढे 1992 साली एकाहत्तरावी घटनादुरुस्ती होऊन कोंकणी आणि मणिपुरी यांच्यासोबत नेपाळीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. समिती स्थापन झाल्यापासून वीस वर्षे लागली.

दुसरे उदाहरण अधिक करुण आहे. 1990 नंतर भूतानमधून नेपाळी बोलणारे सुमारे एक लाख लोक देशोधडीला लागले आणि पूर्व नेपाळातील छावण्यांत राहिले. 2007-08 पासून त्यांतले बहुसंख्य अमेरिका आणि इतर देशांत वसवले गेले. या निर्वासितांतल्या पत्रकारांनी ‘असोसिएशन ऑफ प्रेस फ्रीडम ॲक्टिव्हिस्ट्स, भूतान’ ही संघटना बांधली आणि ‘भूतान न्यूज सर्व्हिस’ ही वृत्तसेवा चालवली. ज्यांच्याजवळ गाव नाही, सातबारा नाही, त्यांनी सुद्धा बातमीदारांचा संघ आधी उभा केला. असे का? माणसे पांगली तरी एकाची बातमी दुसऱ्याला कळत राहिली पाहिजे, एवढे त्यांना उमगले होते.

आमच्याकडचा वार्ताहर

आता आमच्याकडे पाहू. सीमाभागातील खेड्यातला वार्ताहर हा पोटापाण्यासाठी दुसरेच काही करतो. कोणी किराणा दुकान चालवतो, कोणी शेती करतो, कोणी आमच्यासारखा शाळामास्तर असतो. पूर्वी बातमीचे पाकीट बसच्या कंडक्टरच्या हाती देऊन शहरात पाठवावे लागे. आता मोबाइलवरून बातमी जाते. साधन बदलले, माणसाची स्थिती बदलली नाही. मानधन बेताचे, जाहिरात आणली तर थोडे कमिशन. बातमी आली नाही तर गावकरी विचारतात, ‘काय मास्तर, आमच्या जत्रेची बातमी गिळली काय?’ आणि आली तर ज्याला झोंबली तो दारात येतो.

कायद्याने याला कितपत आधार दिला? 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता, त्यालाच पत्रकार धरले. दुकान चालवून बातमी देणारा त्यात बसत नव्हता. महाराष्ट्राने 2017 साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या कायद्याची हद्द महाराष्ट्राच्या वेशीवर संपते. मराठीत बातमी लिहिणारा, पण कर्नाटकात राहणारा आमचा वार्ताहर त्या वेशीच्या अलीकडे उभा आहे. मराठी पत्रकार परिषद 1939 साली स्थापन झाली, तिची परंपरा मोठी आहे. तथापि सीमेवरच्या वार्ताहराची अडचण दोन राज्यांच्या मधली आहे. ती त्यानेच सांगितली पाहिजे, आणि एकट्याचे कोणी ऐकत नाही.

समितीच्या बैठकांत आम्ही शाळांविषयी बोलतो, मराठी कागदपत्रांविषयी बोलतो, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याविषयी बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण यांतली प्रत्येक गोष्ट गावापर्यंत नेतो तो वार्ताहर. शाळेला शिक्षक मिळाला नाही, कार्यालयात मराठी अर्ज नाकारला, हे उद्या कोणी लिहिलेच नाही, तर ते घडलेच नव्हते असे म्हणायला लोक मोकळे.

काय करता येईल?

चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, तालुकावार मराठी वार्ताहरांची नोंद करून रीतसर नोंदणी झालेला संघ काढावा. त्यात कोणत्याही एका वृत्तपत्राचे वा पक्षाचे वर्चस्व नसावे. पूर्णवेळ आणि अर्धवेळ असा भेदही नसावा. दोन, आजारपण, अपघात आणि कोर्टकचेरी यांसाठी सहायता निधी असावा. गावच्या पतसंस्था, दूध संस्था, गणेशोत्सव मंडळे यांनी वर्षाला थोडी रक्कम बाजूला काढली तरी सुरुवात होईल. तीन, वाचनालयांच्या माळ्यावर वाळवी खात पडलेल्या जुन्या मराठी अंकांच्या फायली एकत्र कराव्यात. भोपाळला एका माणसाच्या जिद्दीने जे झाले, ते आमच्या सबंध सीमाभागाला का होऊ नये? चार, दहावी-बारावीच्या मुलांना बातमी लिहायला शिकवावे. यात आम्ही शिक्षकांनी पुढे यावे. शुद्ध, थोडक्यात आणि खरे लिहिणे हे मराठीच्या तासाला शिकवता येते.

यावर कोणी म्हणेल, संघ काढले की खुर्च्यांची भांडणे होतात. होतात, हे खरे आहे. पण भांडणाच्या भीतीने सहकारी सोसायट्या कोणी बंद केल्या नाहीत. हिशेब दरवर्षी वाचनालयाच्या फळ्यावर लावावा आणि पदे दोन वर्षांनी बदलावीत, म्हणजे निम्मी भांडणे मिटतील.

बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी ‘दर्पण’ सुरू केले, म्हणून तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी आमच्याकडे हार-तुरे होतात, भाषणे होतात. येत्या 6 जानेवारीला प्रत्येक गावाने आपल्या वार्ताहराला नारळ देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: आजारी पडलास तर तुझ्या घरचे कोण पाहते? आणि तुझ्यामागे आपल्या गावची बातमी कोण लिहिणार? उत्तरे कागदावर उतरवून तालुक्याला पाठवावीत. संघाची पहिली सभा त्याच कागदांवर भरवता येईल.