सर्व्हेने नकाशा बदललाच पाहिजे

ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्राची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. पुढे ती भारतनेट झाली आणि महाराष्ट्रातला तिचा दुसरा टप्पा महानेट या नावाने राबवला गेला. अशा कामात मार्ग आधी संगणकावर आखतात. तालुक्यापासून गावापर्यंत उपग्रहचित्रावर एक रेघ ओढली जाते, मग सर्व्हेची माणसं तो रस्ता पायी तपासतात आणि त्यानंतर चर खोदायला मशीन येतं. या मधल्या पायरीला बऱ्याच ठिकाणी निव्वळ शिक्का समजलं जातं: मार्ग ठरलेलाच आहे, फोटो काढा, सही करा. मला हा समज सगळ्यांत महाग वाटतो. पंधरावीस किलोमीटर चालूनही ज्या सर्व्हेतून नकाशात एकही दुरुस्ती आली नाही, त्या सर्व्हेवरच आधी शंका घ्यावी.

गैरसमज: लांबी नकाशावरून कळते, फार तर चढ-उताराची भर धरावी.

चढाची भर नगण्य असते. दहा टक्के चढ असलेल्या रस्त्यावर किलोमीटरमागे जेमतेम 5 मीटर वाढतात. खरी वाढ होते ती वळशांमुळे. मोरीवर जागा नाही म्हणून केबल रस्त्याच्या पलीकडे न्यावी लागते, ओढा वरच्या अंगाने ओलांडावा लागतो, घाटातली जी वळणं रेघेने सरळ कापलेली असतात ती जमिनीवर पुरती फिरावी लागतात. शिवाय पुढच्या दुरुस्तीसाठी चेंबरमध्ये केबलचे लूप ठेवावे लागतात.

ही वाढ फक्त केबलच्या खर्चाची नसते, प्रकाशाच्या हिशोबाचीही असते. घरोघरच्या जोडण्यांसाठी वापरतात त्या जीपॉन पद्धतीत, बी-प्लस वर्गाच्या उपकरणांना वाटेत 28 डेसिबलपर्यंतचा क्षय चालतो. एका फायबरचे 32 भाग करणारा स्प्लिटर त्यातले सुमारे 17.5 खातो. जोड आणि कनेक्टर मिळून 2 धरा, पुढच्या काळातल्या दुरुस्त्यांसाठी 3 राखून ठेवा. 1310 नॅनोमीटरच्या प्रकाशाला फायबरमध्ये किलोमीटरमागे साधारण 0.35 डेसिबल लागतात. नकाशावर मार्ग 15 किलोमीटरचा असेल तर बेरीज 27.75 येते, म्हणजे काम बसतं. सर्व्हेत तोच मार्ग 19 किलोमीटर भरला तर बेरीज 29.15 होते आणि राखीव भाग सुरुवातीलाच खर्ची पडू लागतो. जोडणी पहिल्या दिवशी चालेल, पण केबल दोनचार वेळा तुटून जोडली गेली की टोकाची घरं लटकतील. हे आधी कळलं तर उपाय कागदावरच होतो: स्प्लिटर 16 भागांचा घ्यायचा किंवा उपकरण गावाच्या जवळ आणायचं. चर बुजवल्यावर हाच बदल करायचा तर पुन्हा रस्ता उकरावा लागतो.

गैरसमज: मोबाइलच्या जीपीएसने टिपलेला बिंदू पुरेसा आहे.

मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक सुमारे 5 मीटर असते, झाडीत आणि दरीत त्याहून जास्त. दुपदरी रस्त्याचं डांबर असतं 7 मीटर रुंद. म्हणजे साइडपट्टीवर दाखवलेला बिंदू प्रत्यक्षात शेतकऱ्याच्या बांधाआड असू शकतो, आणि मग खोदाईच्या दिवशी वाद होतो तो मजुरांशी. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी मोबाइलपेक्षा कितीतरी अचूक असलेल्या आरटीके जीपीएस यंत्राने मोजावं. ते नसेल तर रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचं अंतर टेपने घेऊन लिहावं.

गैरसमज: जमिनीखालचं सगळं रडार दाखवतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत हा भरवसा सर्वांत कमी. चिकणमाती, विशेषतः ओली, रडारच्या लहरी झपाट्याने शोषते. केबल शोधायचं विद्युतचुंबकीय यंत्रही धातू नसलेल्या पाइपापुढे हतबल ठरतं. मार्च 2023 मध्ये सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं. खोदणाऱ्याने त्यावरून त्या भागातल्या वाहिन्यांच्या मालकांना आधी कळवावं, ही अपेक्षा आहे. तरीही गावच्या नळयोजनेची वाहिनी नेमकी कुठून जाते ते बहुतेकदा पाणी सोडणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं. त्याला सोबत घेऊन चालणं हा सर्व्हेचाच भाग आहे. शंकेच्या जागी हाताने चाचणी खड्डा घ्यावा. त्यातून खोलीचाही निकाल लागतो. भारतनेटमध्ये 1.65 मीटर खोली अपेक्षित होती. काळ्या मातीत मशीन तिथवर सहज जातं, पण सह्याद्रीच्या कातळात काही वेळा अर्ध्या मीटरवरच थांबतं. तिथे कमी खोली आणि वरून काँक्रीटचं संरक्षण हे आधीच आराखड्यात धरलेलं हवं.

गैरसमज: सर्व्हे कधीही केला तरी चालतो.

कोकणात मे महिन्यात कोरडी दिसणारी घळ जुलैत ओढा होते. उन्हाळ्यातच जावं लागलं तर पुराची खूण गावकऱ्यांना विचारून नोंदवावी.

गैरसमज: परवानग्या हे कार्यालयाचं काम, सर्व्हेचं नाही.

मार्ग कुणाच्या हद्दीतून जातो हे जागेवरच कळतं. एकाच 15 किलोमीटरवर राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि वनखातं असे चार मालक निघू शकतात. दूरसंचार वाहिन्यांच्या मार्गाधिकाराचे नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले आहेत, पण हद्दच चुकीची नोंदली असेल तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो. वनजमिनीचा छोटा तुकडा टाळण्यासाठी दोन किलोमीटरचा वळसा परवडतो का, हे आराखडा करणाऱ्याने ठरवायचं. त्यासाठी तो तुकडा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सर्व्हेने सांगायला हवं.

दुरुस्त नकाशावर प्रत्येक बदलाशेजारी कारण, फोटो आणि तारीख असावी, आणि जुनी प्रत खोदणाऱ्या टोळीकडून परत घ्यावी. ती ट्रॅक्टरमध्ये राहिली तर खोदाई तिच्यावरूनच होते.