जंगलवाटेसाठी चाकांचे घर निवडताना

चंद्रपूर, प्रतिनिधी : ताडोबाचे आरक्षण महिनोन्महिने आधी संपते आणि सुट्यांत निवासस्थानेही भरलेली असतात. त्यामुळे स्वतःच्या मोटारीमागे राहण्याचा ट्रेलर जोडून चंद्रपूर-गडचिरोलीची वाट धरावी, असा विचार अनेकांच्या मनात येतो. राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्याने या कल्पनेला बळही मिळाले आहे. मात्र ट्रेलरची निवड त्याच्या देखणेपणावरून नव्हे, तर आपली मोटार आणि आपला मार्ग पाहूनच करावी.

पहिला प्रश्न वजनाचा. विक्रेता सांगतो ते बहुधा रिकाम्या ट्रेलरचे वजन असते. 600 किलोच्या ट्रेलरमध्ये 80 लिटर पाणी, गॅस सिलिंडर, बॅटरी, शिधा आणि अंथरूण-पांघरूण भरले, की तो सहज 800 किलोंच्या घरात जातो. हे भरलेले वजन मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या ओढण्याच्या क्षमतेपेक्षा बरेच कमी हवे. पुस्तिकेत अशी क्षमता दिलेलीच नसेल, तर ट्रेलर जोडण्याचा मोह टाळावा. भाड्याची कॅरॅव्हॅन अधिक श्रेयस्कर. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीच्या हुकावर यावा. मागचा भाग जड झाल्यास वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि मोटारीवरील ताबा सुटू शकतो. जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे अगत्याचे आहे. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणीही आवश्यक असते.

दुसरा प्रश्न मार्गाचा. चंद्रपूरहून मोहर्ली सुमारे 30 किलोमीटर. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात ट्रेलर नेता येत नाही. सफारी वनविभागाच्या नोंदणीकृत वाहनांतूनच होते. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, तसेच जुलै ते सप्टेंबर या काळातही बंद राहते. म्हणजे येथे ट्रेलर हे केवळ मुक्कामाचे ठिकाण ठरते. त्यामुळे प्रवेशद्वाराजवळच्या परवानगी असलेल्या आवारात उभा करून मोटार चटकन मोकळी करता येईल, असा एका आसाचा ट्रेलर पुरेसा होतो.

आलापल्ली, भामरागड, सिरोंचाकडे जाणाऱ्यांचे गणित निराळे आहे. अरुंद रस्त्यावर लांब ट्रेलर वळविणे कष्टाचे असते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याचे अनेक पावसाळ्यांत घडले आहे. या भागासाठी आखूड, जमिनीपासून उंच आणि मोटारीच्याच मापाची चाके असलेला ट्रेलर घ्यावा. चाके एका मापाची असली, की आडवाटेला एकच जादा चाक दोहोंना उपयोगी पडते.

घडीचा कापडी तंबू असलेला ट्रेलर हलका आणि स्वस्त असतो, हे खरे. परंतु वाघ, बिबट आणि अस्वलांचा वावर असलेल्या या मुलखात भक्कम भिंतींचाच ट्रेलर घ्यावा. उघड्यावर मुक्काम करू नये, अन्न बाहेर ठेवू नये आणि मुक्कामापूर्वी वनविभाग व पोलीस ठाण्यात चौकशी करावी. मे महिन्यात येथील पारा 45 अंशांपलीकडे जातो. त्यामुळे बंद ट्रेलरमध्ये हवा खेळती राहते की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

थोडक्यात, आपली मोटार निर्धास्तपणे ओढू शकेल, तेवढेच घर सोबत घ्यावे. उरलेली सोय जंगलाच्या वेशीवरील गावांत होतेच.